गंगापूर रोडवरचे माशांचे दुकान आणि अलास्काचा लाल सॅमन

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या परिसरात गोठवलेल्या माशांचे एक छोटे दुकान आहे. गेल्या सव्वा वर्षापासून मी तिथून महिन्यातून एकदा तरी खरेदी करतो. दुकानात रोहू-कटल्यापासून सुरमई, पापलेट आणि कोळंबीपर्यंत सर्व काही मिळते. परंतु हे परीक्षण मी मुख्यतः एका मालाविषयी लिहीत आहे, तो म्हणजे अलास्कातील ब्रिस्टल बे या उपसागरातून येणारा सॉकाय जातीचा लाल सॅमन. हा मासा रावसाच्या सुमारे अडीचपट भावाने मिळतो. इतके पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची चौकशी करणे मला आवश्यक वाटले, आणि चौकशी करता करता मी ज्या प्रश्नापर्यंत पोहोचलो, तो माझ्या आयुष्यभराच्या नोकरीचाच प्रश्न निघाला. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. एकाच कालव्यावरच्या माथ्याच्या आणि शेपटाच्या गावांना पाणी वाटून देणे, हे काम मी तीस वर्षे केले. शेजारच्या दोन नद्यांनी एकाच समुद्रातून येणारा मासा न्यायाने कसा वाटून घ्यावा, हा विषय त्यामुळे मला परका वाटला नाही.

प्रथम मालाच्या दर्जाविषयी लिहितो, कारण बहुतेक वाचकांना तेच आधी हवे असेल. पाकीट निर्वात असते, आत साधारण दोनशे ग्रॅमचे कातडीसह काप असतात, आणि रंग गडद लाल, जवळजवळ पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा असतो. हा रंग बाहेरून घातलेला नसतो. समुद्रात हा मासा जे कोळंबीवर्गीय सूक्ष्म जीव खातो, त्यांच्यातील ॲस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळे मांस असे लाल होते. त्याच फ्रीझरमध्ये नॉर्वेचा अटलांटिक सॅमनही असतो. तो पिंजऱ्यात वाढवलेला असतो, रंगाने फिकट नारिंगी असतो आणि त्यात चरबीच्या पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसतात. तो खायला मऊ आणि तोंडात विरघळणारा लागतो, यात शंका नाही. पण चवीचा खोलपणा मला लाल सॅमनमध्येच आढळला. मात्र त्याच्यात चरबी कमी असल्यामुळे आपल्याकडच्या सवयीप्रमाणे तो खरपूस होईपर्यंत तळला, तर लाकडासारखा कोरडा होतो. पहिल्या वेळी आमच्याकडे तसेच झाले. आता आम्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून तो वितळवतो, त्यापूर्वी पाकिटाला कात्री लावून हवा आत जाऊ देतो (निर्वात पाकिटात मासा तसाच वितळवू नये, त्यात हवेविना वाढणाऱ्या घातक जिवाणूंचा धोका असतो), मग फक्त मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ लावून बिडाच्या तव्यावर कातडीची बाजू खाली ठेवून मंद आचेवर शिजवतो, आणि कडेने पांढरा चिकट पदार्थ सुटू लागला की लगेच तवा उतरवतो. आपला काळा मसाला या माशाला अजिबात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्सा करायचाच असेल तर त्याच दुकानातून मरळ घ्यावी.

शीतसाखळीबाबत एकदाच तक्रार करावी लागली. वैशाखात घेतलेल्या एका पाकिटात बर्फाचा जाड थर साचलेला होता आणि मांस स्पंजासारखे झाले होते. म्हणजे मधे कुठेतरी ते वितळून पुन्हा गोठवले गेले होते. दुकानदाराने पाकीट पाहताक्षणी कबूल केले की आदल्या आठवड्यात बराच वेळ वीज नव्हती, आणि कोणताही वाद न घालता दुसरे पाकीट दिले. त्यानंतर त्यांनी फ्रीझरवर तापमापक बसवला, आणि त्याचा आकडा ग्राहकाला बाहेरून वाचता येतो. ही सुधारणा मी त्यांच्या खात्यावर जमा धरतो.

दुसरी तक्रार फळ्यावरच्या नावाची होती. सुरुवातीला तिथे रावसापुढे ‘इंडियन सॅमन’ असे लिहिलेले असे. मुंबईपासून नाशिकपर्यंत अनेक हॉटेलांच्या यादीत हेच नाव चालते, त्यामुळे एकट्या या दुकानाला दोष देण्यात अर्थ नाही. पण रावस आणि सॅमन यांचे दूरचेही नाते नाही. रावसाच्या छातीच्या परांखाली चार लांब धाग्यांसारखे तंतू असतात, तो आपल्या किनाऱ्यावरच्या गढूळ, उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी राहतो, आणि तो स्वतःच्या गुणांवर उत्तम मासा आहे. त्याला उसन्या नावाची गरज नाही. मी हे दुकानदारांच्या कानावर घातले, तेव्हा ते म्हणाले, “काका, गिऱ्हाईक तेच नाव विचारतं, म्हणून लिहिलं होतं.” पुढच्या खेपेस फळ्यावर नुसते ‘रावस’ होते.

नावाचा मी इतका आग्रह का धरला, हे सांगण्यासाठी सॅमनच्या जीवनक्रमाकडे वळावे लागते. सॉकाय सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो. त्याची पिल्ले एक किंवा दोन वर्षे तळ्यात काढतात, मग नदीवाटे समुद्रात उतरतात, दोन-तीन वर्षे तिथे वाढतात आणि अखेर आपल्याच जन्माच्या नदीत परत येऊन, अंडी घालून मरतात. परतीची वाट ते मुख्यतः पाण्याच्या वासावरून ओळखतात. त्यामुळे प्रत्येक नदीचा मासा हे एक स्वतंत्र कूळ असते. एका नदीचे कूळ खंगले, तर शेजारच्या नदीत मासा कितीही उदंड असला तरी तो पहिलीची तूट भरून काढत नाही. पाण्याच्या वाटपात आम्हाला निदान एक सोय होती: गंगापूर धरणात कमी असले, तर दारणेतून सोडून गोदावरीत तेच पाणी खाली पोहोचवता येत असे. सॅमनच्या बाबतीत ती सोय नाही, आणि म्हणूनच तिथली वाटणी आमच्यापेक्षा कठीण आहे.

ब्रिस्टल बे हा जगातला सॉकायचा सर्वांत मोठा साठा आहे. २०२२ साली तिथे सुमारे ७ कोटी ९० लाख मासे परतले आणि त्यांपैकी सुमारे ६ कोटी पकडले गेले. हा उपसागर मासेमारीसाठी पाच विभागांत वाटलेला आहे: उगाशिक, एगेगिक, नॅकनेक-क्विचॅक, नुशागॅक आणि टोगिआक. या नावांचा उच्चार करायला मला बरेच दिवस लागले, पण आता ती मला निफाड-सिन्नरसारखी पाठ झाली आहेत. प्रत्येक विभाग म्हणजे एखाद्या किंवा दोन-तीन नद्यांच्या मुखाजवळचे पाणी. तत्त्व असे, की ज्या नदीचा मासा, त्या नदीच्या तोंडाशीच तो शक्यतो पकडावा, म्हणजे किती पकडला आणि किती वर गेला याचा हिशेब नदीवार ठेवता येतो. अडचण अशी, की समुद्रात सर्व नद्यांचे मासे एकत्र पोहत येतात. क्विचॅककडे निघालेला मासा वाटेत उगाशिक आणि एगेगिकच्या समोरून जातो. तिथल्या मच्छिमारांनी विभागाच्या अगदी सीमारेषेवर जाळी टाकली, तर त्यांच्या जाळ्यात स्वतःच्या नदीबरोबर शेजाऱ्याचाही मासा येतो. माथ्याच्या शेतकऱ्याने चारीला भगदाड पाडले की शेपटाला पाणी पोहोचत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे, त्या सीमारेषेवर होड्यांची गर्दी का होते हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

यावर त्यांनी जी व्यवस्था उभी केली आहे, तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. प्रत्येक मोठ्या नदीसाठी किती मासे अंडी घालायला वर जाऊ दिले पाहिजेत, याच्या दोन मर्यादा ठरलेल्या आहेत. नॅकनेकसाठी त्या ८ लाख ते २० लाख आहेत, तर इलिॲम्ना या अलास्कातील सर्वांत मोठ्या तळ्यातून निघणाऱ्या क्विचॅकसाठी २० लाख ते १ कोटी. खालची मर्यादा सहज कळते. वरची मर्यादा अशासाठी, की फार मासे वर गेले तर नंतर येणारे आधीच्यांची अंडी उकरून टाकतात आणि तळ्यातले अन्न पिल्लांना पुरत नाही. म्हणजे जास्तीचा मासा पकडणे हेही व्यवस्थापकाचे कर्तव्यच ठरते. मोजणी कशी होते, हे वाचून तर मी थक्क झालो. नदीच्या दोन्ही काठांवर मनोरे उभारलेले असतात आणि त्यांवर माणसे बसून, दर तासातील दहा मिनिटे, खालून जाणारे मासे प्रत्यक्ष मोजतात, आणि त्यावरून पूर्ण तासाचा अंदाज काढतात. पाणी गढूळ असलेल्या नुशागॅकमध्ये हे काम ध्वनिलहरींनी मासे टिपणारे सोनार यंत्र करते. आमच्या कालव्यावर पाटकरी भल्या पहाटे उठून मोजपट्टीवरचा आकडा वहीत लिहीत असे, त्याची मला आठवण झाली. त्या वहीवर गावांचा विश्वास असेल तरच आवर्तन शांततेत पार पडत असे. वही संशयास्पद झाली की मग पोलीस बंदोबस्तातसुद्धा दारे उघडता येत नसत.

मासे उपसागरात शिरण्याच्या साधारण आठवडाभर आधी, पोर्ट मोलर येथे चाचणीसाठी थोडे मासे पकडतात आणि त्यांच्या जनुकीय तपासणीवरून येणाऱ्या लोंढ्यात कोणत्या नदीचा वाटा किती आहे याचा अंदाज काढतात. त्यानुसार राज्याच्या मत्स्य खात्याचे स्थानिक जीवशास्त्रज्ञ एकेका विभागाची मासेमारी काही तासांसाठी उघडतात किंवा बंद करतात. एखाद्या होडीला एक विभाग सोडून दुसऱ्यात जायचे असेल, तर तशी नोंद करून ४८ तास थांबावे लागते, म्हणजे ज्या नदीत मासा दिसला तिकडे सगळ्यांनी एकाच दिवशी धाव घेण्याला आळा बसतो. होड्यांची लांबी ३२ फुटांपेक्षा जास्त असू शकत नाही. विभागाच्या आतही वाटे ठरलेले आहेत: नॅकनेक-क्विचॅकमध्ये ८४ टक्के मासा होडीवरून वाहती जाळी टाकणाऱ्यांचा, आणि काठावर जाळी रोवणाऱ्यांपैकी नॅकनेकच्या लोकांना ८ टक्के व क्विचॅकच्या लोकांना ८ टक्के. हे आकडे सगळ्यांना न्याय्य वाटतात असा माझा दावा नाही. पण ते लिहिलेले आहेत, हंगामापूर्वी माहीत आहेत आणि त्यांवर भांडता येते, हे मला मोलाचे वाटते.

या व्यवस्थेची खरी परीक्षा क्विचॅकनेच घेतली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत क्विचॅकचा मासा फार घटला, आणि त्याच वेळी शेजारच्या नॅकनेकमध्ये मात्र पुरेसा मासा येत होता. दोन्ही नद्या एकाच विभागात, एकाच खाडीला मिळतात. खाडीत जाळी टाकली असती, तर नॅकनेकच्या जास्तीच्या माशाबरोबर क्विचॅकचा उरलासुरला मासाही पकडला गेला असता. जाळी टाकलीच नसती, तर नॅकनेकचा मासा वाया गेला असता आणि लोकांची पूर्ण वर्षाची कमाई बुडाली असती. तेव्हा सर्व होड्यांना नॅकनेक नदीच्या पात्रातच, एका अरुंद विशेष क्षेत्रात पाठवले गेले, आणि एगेगिक व उगाशिक यांच्या सीमारेषाही आत ओढण्यात आल्या, जेणेकरून क्विचॅककडे निघालेल्या माशाला वाटेत कोणी अडवू नये. म्हणजे आपल्या नदीत मासा भरपूर असतानाही, शेजारच्या नदीसाठी तीन ठिकाणच्या मच्छिमारांनी अडचण सोसली. नदीच्या पात्रात शेकडो होड्या एकमेकींना घासत मासेमारी करणे किती गैरसोयीचे असते, याची कल्पना करून पाहावी. क्विचॅक पुढे सावरली.

नाशिककरांना हे वाचताना जायकवाडी आठवल्याशिवाय राहणार नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ साली झाला, त्यात समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आले, मेंढीगिरी समितीने २०१३ साली अहवाल दिला, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. आमच्या गावांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले आहेत आणि त्यांतील काही माणसे माझ्या रोजच्या उठबशीतली आहेत, त्यामुळे इथे मी कोणाची बाजू घेत नाही. एवढेच नोंदवतो, की आमच्याकडे तंट्याचा मोठा भाग आकड्यांवरच्या अविश्वासातून येतो: किती सोडले, वाटेत किती मुरले, पैठणला किती पोहोचले. ब्रिस्टल बेमध्ये मनोऱ्यावरचा रोजचा आकडा हंगामात सर्वांसाठी जाहीर होतो आणि माझ्यासारखा नाशिकमधला माणूसही तो संध्याकाळी वाचू शकतो.

आता पुन्हा दुकानाकडे येतो, कारण माझी खरी मागणी इथेच आहे. पाकिटावर काय लिहिलेले असते? जातीचे नाव असते, ‘अलास्का’ असते, गोठवल्याची तारीख असते, शाश्वत मासेमारीचा निळा शिक्का असतो आणि खोक्यावर पकडीच्या क्षेत्राचा ६७ हा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. ‘अलास्का’ या एका शब्दाला खूप अर्थ आहे, कारण त्या राज्याने १९९० पासून सॅमनसकट माशांच्या व्यापारी संवर्धनावर बंदी घातलेली आहे; तेव्हा अलास्काचा सॅमन म्हणजे मोकळ्या समुद्रात वाढलेलाच सॅमन. निळा शिक्काही खोटा नाही. अलास्काच्या सॅमनला तो २००० साली प्रथम मिळाला. पण क्षेत्र ६७ म्हणजे जवळजवळ सगळा ईशान्य प्रशांत महासागर. त्यातून हा मासा एगेगिकचा आहे की नुशागॅकचा, हे कळण्याचा मार्ग नाही. गंमत नव्हे, खेदाची बाब अशी, की ही माहिती अस्तित्वात असते. मच्छिमार आपला माल विकतो तेव्हा जी पावती होते, तिच्यावर तो मासा कोणत्या क्षेत्रात पकडला याची नोंद असते, कारण त्याच नोंदीवर नदीवार हिशेब उभा असतो. पुढे माल गोळा करणाऱ्या होड्यांवर निरनिराळ्या विभागांचा मासा एकत्र होतो, कारखान्यात तो कापला जातो, खोक्यात भरला जातो, आणि जी नोंद समुद्रावर इतक्या काटेकोरपणे ठेवली होती, ती गंगापूर रोडवरच्या फ्रीझरपर्यंत येता येता पुसली जाते.

मी हा प्रश्न दुकानदारांना विचारला, तेव्हा त्यांनी तो उडवून लावला नाही. खोके काढून आणले, आम्ही दोघांनी मिळून त्यावरील बारीक अक्षरे वाचली, आयातदाराचे कागद मोबाइलवर उघडून पाहिले. ‘ब्रिस्टल बे’ एवढेच सापडले. “काका, आजवर एकाही गिऱ्हाइकानं नदी विचारली नाही,” ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की काही मच्छिमार स्वतःचाच मासा थेट विकतात आणि त्यांच्या पाकिटावर विभागाचे नाव असते; तसा माल थोडा महाग पडला तरी मी घेईन, आणि माझ्या ओळखीतली आणखी चार घरे घेतील. त्यांनी आयातदाराला लेखी विचारणा करण्याचे मान्य केले, आणि मी तिथे उभा असतानाच ती पाठवली.

पाचपैकी मी या दुकानाला चार गुण देतो. मासा उत्तम आहे, नॉर्वेचा पाळीव सॅमन आणि अलास्काचा सॅमन वेगवेगळ्या कप्प्यांत, वेगवेगळ्या नावांनी ठेवला जातो, चूक दाखवली तर ती सुधारली जाते, आणि कापांमधील बारीक काटे काढण्यासाठी ते मागितल्यावर चिमटाही देतात. रविवारी सकाळी गर्दी फार असते आणि तेव्हा फ्रीझरची झाकणे सतत उघडी राहतात, म्हणून शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी जावे. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असल्यामुळे ताजा रावस नसतो. नेमका त्याच सुमारास, जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आगेमागे, ब्रिस्टल बेचा लोंढा ऐन भरात असतो, आणि त्या पकडीचा गोठवलेला माल इकडे पोहोचायला पुढे काही महिने जातात. पाचवा गुण मी पाकिटावरच्या त्या नोंदीसाठी राखून ठेवला आहे. आयातदाराचे उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या बुधवारी मी पुन्हा विचारायला जाणार आहे.